फेझच्या जुन्या शहरात पहिल्यांदा जाताय? पहिल्या दोन दिवसांची तयारी

मोरोक्कोतल्या फेझला जाऊन आलेल्यांचे सरळ दोन तट पडतात. एक म्हणतो, असं शहर दुसरीकडे नाही. दुसरा म्हणतो, पाऊल टाकल्यापासून लोकांनी पिच्छा पुरवला, पुन्हा नाव काढणार नाही. दोघांनी पाहिलेलं शहर एकच असतं. फरक पडतो तो बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार तासांत. अंधार पडल्यावर पोचणं, हातात चाकांची जड बॅग, फोनला नेट नाही, खिशात फक्त दोनशेच्या नोटा, आणि राहायची जागा नकाशावरच्या एका टिंबापलीकडे ठाऊक नाही. एवढं एकदम जुळून आलं की कुठल्याही शहराबद्दल वाईटच मत होईल. यातली प्रत्येक गोष्ट घरून निघण्याआधी निस्तरता येते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. फेझ म्हणजे एकमेकांना लागून असलेली तीन शहरं. फेझ अल-बाली हे सर्वांत जुनं. आठव्या शतकाच्या अखेरीस इद्रिसी राजांनी वसवलेलं, तटबंदीच्या आत, मोटारींना बंदी असलेलं आणि १९८१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतलं. फेझ अल-जदीद हे तेराव्या शतकातल्या मरिनी राजवटीचं. राजवाडा आणि जुनी यहुदी वस्ती, म्हणजे मेल्लाह, तिथे आहे. तिसरं विल नुवेल, फ्रेंचांच्या काळातलं रुंद रस्त्यांचं. रेल्वे स्टेशन आणि मोठ्या बँका तिथे. लोक ‘मेदिना’ म्हणतात तेव्हा बहुतेकदा त्यांना फेझ अल-बाली म्हणायचं असतं. पुढचं सगळं मुख्यतः त्याबद्दलच आहे.

१. व्हिसा आणि कागदपत्रं

भारतीय पासपोर्टला मोरोक्कोचा व्हिसा लागतो. २०२२ पासून ई-व्हिसाची सोय आहे. अर्ज सरकारी ‘अ‍ॅक्से मारोक’ पोर्टलवरच करा. शोधायला गेलात की सरकारी वाटावीत अशी खाजगी संकेतस्थळं वर दिसतात. ती तोच अर्ज भरून देण्याचे जास्तीचे पैसे घेतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. मधलं नाव गाळलं किंवा आडनावाचं स्पेलिंग बदललं तर विमानतळावर चेक-इनलाच अडवतात.

सोबत ठेवायचं ते असं:

- परतीच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने मुदत असलेला पासपोर्ट, आणि त्याच्या पहिल्या पानाच्या दोन झेरॉक्स
- व्हिसाची छापील प्रत (फोनमधल्या पीडीएफवर विसंबू नका)
- परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचं बुकिंग, दोन्ही छापील
- मुक्कामाचा पत्ता आणि फोन नंबर फ्रेंचमध्ये कागदावर, जमल्यास अरबीतही
- प्रवास विमा आणि रोजच्या गोळ्यांची डॉक्टरांची चिठ्ठी

युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक वेगळी सूचना. तिकडून स्वस्त विमानं थेट फेझ-साइस विमानतळावर उतरतात, त्यामुळे चार दिवस जाऊन यायचा मोह होतो. पण मोरोक्को शेंगेनमध्ये नाही. तुमच्याकडे निवास परवाना नसेल आणि शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल, तर फेझला गेलात की तो संपला. परत युरोपात शिरता येणार नाही. भारतातून युरोपमार्गे जाणाऱ्यांनी त्या विमानतळाला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हेही तिकीट काढण्याआधी पाहावं. दुबई, दोहा, अबूधाबीवरून कासाब्लांकाला गेलात तर ही कटकट नाही.

ड्रोन नेऊ नका. परवानगीशिवाय आणलेला ड्रोन कस्टममध्ये काढून घेतात आणि तो सोडवून घेण्यात परतीच्या दिवशीचे तास जातात.

२. तारखा आणि पोचायची वेळ

मार्च अखेर ते मे, किंवा मध्य सप्टेंबर ते नोव्हेंबरची सुरुवात, हे दिवस उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. हिवाळ्यात दिवस सुखाचा असतो, पण रात्री थंडी बोचते आणि जुन्या घरांच्या जाड भिंती ती आत धरून ठेवतात. त्या दिवसांत बुकिंग करताना ‘खोलीत हीटर आहे का’ हे विचारून घ्या. पावसात गल्ल्यांतले गुळगुळीत दगड निसरडे होतात.

रमजानमध्ये जायला हरकत नाही, फक्त समजून जा. दिवसा साधी खाणावळ उघडी सापडणं अवघड, आणि उपवास सुटायच्या तासभर आधीपासून दुकानांची झाकपाक सुरू होते. घड्याळही बदलतं. एरवी मोरोक्को भारताच्या साडेचार तास मागे असतो, तर रमजानमध्ये साडेपाच. गाडीच्या वेळा पाहताना हा तास अनेकांना नडतो.

शुक्रवार हा दुकानांच्या सुट्टीचा वार. दुपारच्या नमाजानंतर बाजार जवळजवळ मिटतो. खरेदीसाठी तो दिवस वाया जातो, पण रिकाम्या गल्ल्या आणि कोरीव दरवाजे निवांत पाहायला तोच बरा.

तारखेपेक्षा महत्त्वाची आहे ती पोचायची वेळ. मेदिनात पहिलं पाऊल उजेडात पडलं पाहिजे. दुपारी चारच्या आत दारात, असं गणित ठेवा. विमान संध्याकाळी उतरत असेल तर पहिली रात्र कासाब्लांकात किंवा विल नुवेलमध्ये काढा आणि सकाळी मेदिनात या. एका रात्रीचे पैसे जास्त जातील, पण पहिल्या दिवसाचा मनस्ताप वाचेल.

३. पैसे: मोठी नोट म्हणजे अर्धी फसवणूक

चलन दिरहम. एक दिरहम म्हणजे ढोबळ मानाने नऊ-दहा रुपये. ते भारतात मिळवत बसू नका. देशात आणता किंवा बाहेर नेता येतात फक्त २००० दिरहम. रुपया तिकडे कोणी बदलून देत नाही, म्हणून युरो किंवा डॉलर न्या. यूपीआय विसरा. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड चालतं, पण निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर आणि एटीएममधून रोख काढणं या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या चालू कराव्या लागतात. पहिली केली आणि दुसरी राहिली, हे फार जणांचं होतं.

बरीच एटीएम एका वेळी २००० दिरहमपर्यंतच देतात आणि दर वेळी शुल्क कापतात. म्हणून शंभर-दोनशे करत काढण्यापेक्षा एकदाच काढा. यंत्र ‘तुमच्या चलनात हिशोब करू का’ असं विचारेल. नाही म्हणा आणि दिरहमच निवडा, कारण होकार दिला की दर यंत्रवाला ठरवतो.

यंत्रातून येतात त्या १०० आणि २०० च्या नोटा. मेदिनातले व्यवहार मात्र २, ५, १० आणि २० दिरहमचे. हमाल, टॅक्सी, स्वच्छतागृह, चहा, सगळीकडे ‘मोड नाही’ हे उत्तर ऐकू येतं आणि उरलेले पैसे तिथेच राहतात. विमानतळावर किंवा स्टेशनवर कॉफी-पाणी घेऊन पहिली नोट मोडा. तिथे गल्ल्यात सुट्टे असतात. वीसेक दिरहमची नाणी वेगळ्या खिशात ठेवा आणि पाकीट रस्त्यात बाहेर काढूच नका.

४. राहायची जागा: रियादमधली खोली निवडताना

रियाद म्हणजे मध्ये बाग किंवा चौक असलेलं जुनं घर. ‘दार’ त्याहून लहान, चौक असलेलं पण बाग नसलेलं. दोन्हींच्या खिडक्या आत, चौकाकडे उघडतात. बाहेरून एक साधं दार आणि कोरी भिंत, एवढंच दिसतं. पत्ता सापडूनही घर सापडत नाही ते यामुळे.

बुकिंग करण्याआधी तीन प्रश्न विचारा. पहिला, गाडी जिथवर येते तिथून किती मिनिटं चालायचं? पाच-सात मिनिटं ठीक. पंधरा मिनिटं सांगितली तर सामानासह पंचवीस धरा. दुसरा, खोली कितव्या मजल्यावर? जिने अरुंद असतात आणि पायऱ्या उंच. आई-वडील सोबत असतील तर तळमजल्याची किंवा पहिल्या मजल्याची खोली मागा. तळमजल्यावर उजेड कमी आणि चौकातला आवाज जास्त, हे धरून चाला. तिसरा, घ्यायला माणूस पाठवाल का? बहुतेक रियाद पाठवतात. तो कुठे भेटणार, त्याचं नाव काय, हे आधीच लिहून घ्या.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी बाब बू जलूद (मेदिनाचा पश्चिमेचा दरवाजा), बत्हा चौक, ऐन अझलितेन किंवा रसीफ यांच्यापैकी एकाच्या जवळची जागा घ्यावी. या चारही ठिकाणी गाडी येते. कारवीयिन मशिदीच्या अगदी मागची जागा फोटोत कितीही सुंदर दिसली तरी पहिल्या खेपेला नको.

पोचल्यावर पोलिसांसाठीचा एक फॉर्म भरावा लागतो. पासपोर्टवरच्या प्रवेशाच्या शिक्क्याजवळ एक क्रमांक असतो, तो तिथे लागतो. पर्यटन कर काही जागा वेगळा आणि रोख घेतात, तोही आधी विचारून ठेवा.

५. कासाब्लांकाहून फेझ

मोहम्मद पाचवे विमानतळावर टर्मिनल एकच्या खाली रेल्वे स्टेशन आहे. तिथून कासा वोयाजर स्टेशनला जा आणि गाडी बदला. रबात, केनित्रा, मेकनेस करत फेझ येतं. कासा वोयाजरपासून साधारण चार तास. मोरोक्कोची वेगवान अल बोराक गाडी तांजिएरकडे जाते, फेझला नाही, त्यामुळे तिच्या वेळा पाहून बेत आखू नका. तिकीट पहिल्या वर्गाचं काढा. फरक थोडा असतो आणि जागा राखीव मिळते. दुसऱ्या वर्गात शुक्रवारी-रविवारी उभ्याने जायची पाळी येऊ शकते.

या गाडीत एक जुना सापळा आहे. मेकनेसच्या आसपास एखादा नीटनेटका, गोड बोलणारा माणूस शेजारी येऊन बसतो. भारतातून आलात म्हटल्यावर शाहरुख खान, अमिताभ बच्चन यांची नावं घेतो. मग कळतं की त्याचा भाऊ फेझमध्ये गाइड आहे, आणि योगायोगाने स्टेशनवरच येणार आहे. गप्पा मारायला काहीच हरकत नाही. मुक्कामाचं नाव मात्र सांगू नका, आणि ‘आम्हाला घ्यायला माणूस येतोय’ एवढं बोलून विषय संपवा.

सिमकार्ड विमानतळावरच घ्या. मारोक टेलिकॉम, ऑरेंज आणि इनवी या तीन कंपन्या आहेत, पासपोर्ट दाखवावा लागतो. सिम घातल्यावर काउंटरसमोरच नेट चालतं का ते पाहा. तिथेच नकाशाचा फेझचा भाग फोनमध्ये उतरवून ठेवा.

६. स्टेशनपासून मुक्कामाच्या दारापर्यंत

फेझमधल्या छोट्या टॅक्सी लाल रंगाच्या. मोरोक्कोत दर शहराचा रंग वेगळा असतो आणि ‘पेती टॅक्सी’ शहराबाहेर जात नाही. तिच्यात प्रवासी जास्तीत जास्त तीन. चौघांच्या कुटुंबाला दोन टॅक्सी कराव्या लागतात, भाव करून चौथ्याला कोंबायचा प्रयत्न करू नका. बसल्याबसल्या ‘कोंतर’ म्हणा, म्हणजे मीटर. स्टेशनच्या दारातच उभे असलेले चालक मीटर टाकायला खळखळ करतात. शंभर पावलं चालून रस्त्यावर या आणि चालती टॅक्सी थांबवा. दिवसा स्टेशन ते बत्हा किंवा बू जलूद हे भाडं मीटरवर वीस दिरहमच्या आसपास होतं. रात्री दर दीडपट, तो नियमच आहे, फसवणूक नव्हे. वाटेत दुसरा प्रवासी घेतला तरी दचकू नका, तिथे तशी रीत आहे.

विमानतळावरून मोठी ‘ग्राँ टॅक्सी’ ठरावीक भाड्यात जाते, दिवसा साधारण १५० दिरहम. फेझ-साइस शहराच्या दक्षिणेला सुमारे १५ किलोमीटरवर आहे.

चालकाला रियादचं नाव सांगून उपयोग नाही. त्याला दरवाजाचं किंवा चौकाचं नाव सांगा. टॅक्सी थांबली की हातगाडीवाले पुढे येतात. ते खरोखर उपयोगी पडतात, कारण चाकांची बॅग त्या दगडांवर आणि पायऱ्यांवर पाच मिनिटांत दम तोडते. पण भाव आधी ठरवा. अंतर आणि बॅगा पाहून २० ते ५० दिरहम रास्त. रक्कम बोटांनी दाखवा, त्याच्याकडून वदवून घ्या आणि मगच बॅग चढवू द्या. रियादचा माणूस घ्यायला येणार असेल तर गाडीवाला त्यालाच ठरवू द्या.

७. शहराचा उतार शिका

नऊ हजारांवर गल्ल्या आहेत म्हणतात. संख्या खरी असो नसो, पाठ करायला जाऊ नका. आणि फोनवरच्या निळ्या ठिपक्यावर डोळे मिटून चालू नका. भिंती उंच आणि गल्ल्या हातभर रुंद असल्यामुळे ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. तुम्ही वळता आणि पुढे भिंत येते.

त्याऐवजी जमिनीचा उतार ध्यानात ठेवा. मेदिना खोलगट वाटीत वसली आहे. पश्चिमेचा बाब बू जलूद उंचावर, आणि नदीकाठचा रसीफ चौक खाली. बू जलूदमधून आत शिरलात की दोन मुख्य रस्ते सुटतात. डावीकडचा तला कबीरा, उजवीकडचा तला स्गीरा. दोन्ही साधारण समांतर उतरत खाली अत्तारीन बाजाराच्या आसपास एकत्र येतात. यावरून नियम सोपा होतो. हरवलात आणि खाली जात राहिलात तर कारवीयिनचा परिसर किंवा रसीफ लागेल, आणि रसीफला लाल टॅक्सी मिळते. वर चढत राहिलात तर एखादा दरवाजा लागेल, आणि दरवाजाबाहेरही टॅक्सी मिळते. गर्दीची गल्ली बहुधा पुढे निघते. अचानक शांत झालेली, छप्पर असलेली अरुंद गल्ली बहुधा कोणाच्या तरी दारात संपते.

पहिल्या दिवशी दुसरं काही न करता एवढी एकच रेघ चाला. बू जलूदपासून तला कबीराने खाली. दरवाजा बाहेरच्या बाजूने निळा आणि आतून हिरवा आहे, बांधकाम १९१३ चं, म्हणजे शहराच्या मानाने कालपरवाचं. आत शिरताच थोड्या अंतरावर चौदाव्या शतकातला बू इनानिया मदरसा, आणि त्याच्या समोर भिंतीवर जुन्या पाणघड्याळाचे अवशेष. पुढे मटणाची, भाजीची, चपलांची दुकानं. मग अत्तारीन बाजार, अत्तारीन मदरसा आणि त्याला लागून कारवीयिन. ८५९ साली फातिमा अल-फिहरी या बाईने बांधवलेल्या मशिदीभोवती वाढलेलं हे विद्यापीठ. तिथून सफ्फारीन चौक, जिथे तांबट दिवसभर हातोड्या चालवत असतात, आणि मग रसीफ. न थांबता अर्धा तास, थांबत थांबत तीन तास. परत चढायचा कंटाळा आला तर रसीफहून टॅक्सीने वर या. दुसऱ्या दिवशी हीच रेघ तला स्गीराने चाला. या दोन खेपांनंतर शहर पायाखालचं वाटू लागतं.

मागून ‘बलाक, बलाक’ अशी आरोळी आली की मागे वळून पाहत बसू नका, आधी भिंतीला टेका. खेचर येतंय आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गॅसच्या टाक्या किंवा कातड्यांचे गठ्ठे आहेत. खेचर थांबत नाही. चपला घट्ट, पकड असलेल्या, बंद बोटांच्या घाला. कारण त्याच खेचराची लीद वाटेत असते.

८. ‘पुढे रस्ता बंद आहे’

हे वाक्य तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकू येईल. रस्ता बंद नसतो. पुढे फक्त मशीद आहे, पुढे घरंच आहेत, चामड्याचा कारखाना इकडे आहे, आज फक्त आजच्यापुरता बर्बर (म्हणजे इथल्या मूळ रहिवासी) लोकांचा बाजार भरलाय: सगळ्याचा अर्थ एकच, माझ्यामागे या. मागे गेलात की एखाद्या दुकानात पोचाल, किंवा दहा मिनिटांनी एका कोपऱ्यात शंभर दिरहम मागितले जातील. हे बहुधा विशी-पंचविशीतले पोरगे असतात. अंगावर धावून येणं क्वचित, चिकाटी मात्र दांडगी.

उपाय एकच, थांबायचं नाही. चालता चालता, चेहऱ्यावर राग न आणता, ‘ला, शुक्रान’ एकदा म्हणा. दुसऱ्यांदा उत्तर देऊ नका. ‘कुठून आलात’ या प्रश्नाला सौजन्य म्हणून थांबून उत्तर द्यायची आपली सवय इथे महागात पडते. वाद घालणं, खडसावणं, हिंदीत शिव्या देणं याने गर्दी जमते, दुसरं काही साधत नाही. फारच मागे लागला तर जवळच्या दुकानात शिरून दुकानदाराला सांगा. पर्यटकांसाठीचे साध्या वेशातले पोलीस मेदिनात फिरत असतात आणि बोगस गाइडना त्यांची धास्ती असते.

वाट विचारायची असेल तर आपणहून जवळ आलेल्या माणसाला विचारू नका. गल्ल्यावर बसलेला दुकानदार किंवा भाजी घेऊन चाललेली बाई, यांना विचारा. मुक्कामाचं नाव न विचारता जवळच्या चौकाचं किंवा दरवाजाचं नाव विचारा. लहान मूल वाट दाखवायला निघालं तर नम्रपणे नाही म्हणा.

एकट्या बाईने फिरायला दिवसा अडचण नाही. शेरे कानावर पडतात. दुर्लक्ष करणं आणि चालीचा वेग न मोडणं बरं. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे स्त्री-पुरुष दोघांनीही घालावेत. रात्री नऊनंतर मुख्य रस्त्यांवरून आतल्या गल्लीत जायचं असेल तर रियादला फोन करा, माणूस येतो.

९. गाइड घ्यावा का?

घ्यावा, पण पहिल्या सकाळी आणि अर्ध्याच दिवसासाठी. नंतर नको. पर्यटन खात्याचा बिल्ला असलेलाच घ्या, रियादमार्फत ठरवा. अर्ध्या दिवसाचे साधारण ३०० ते ५०० दिरहम, माणशी नव्हे, सगळ्या गटाचे मिळून. चार जण असाल तर हा खर्च काहीच नाही.

ठरवतानाच एक अट स्पष्ट सांगा: एकाही दुकानात जायचं नाही. गाइडने आणलेल्या गिऱ्हाइकाच्या खरेदीतला वाटा त्याला मिळतो आणि तो तुमच्याच किमतीत मिसळलेला असतो. अट मान्य नसेल तर तो तेव्हाच आढेवेढे घेईल, मग दुसरा शोधा.

१०. चामड्याचे हौद आणि बंद दारं

शुआरा हे चामडं कमावण्याचं सर्वांत मोठं ठिकाण. हौद वरून, भोवतालच्या दुकानांच्या गच्चीतून दिसतात. या गच्च्यांना तिकीट नाही. दारात पुदिन्याची काडी हातात देतात, ती नाकाशी धरायला. पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा असते. चुन्याने केस सुटतात, विष्ठेतल्या अमोनियाने कातडं मऊ होतं. वास मुख्यतः तिथला. रंगाचे हौद वेगळे. सकाळी जा. काम चालू असतं आणि उन्हाने वास चढलेला नसतो. पाहून झालं की दुकानातून बाहेर पडावं लागतं. काही घ्यायचं नसेल तर वर नेणाऱ्याला १०-२० दिरहम द्या आणि निघा. हौदापाशी खाली नेतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

बिगरमुस्लिमांना मोरोक्कोतल्या मशिदींमध्ये प्रवेश नाही. कासाब्लांकाची हसन दुसरे मशीद हा ठळक अपवाद, तिथे गाइडसह फेरी असते. कारवीयिन आणि मौले इद्रिस दुसरे यांचा दर्गा उंबऱ्याबाहेरूनच पाहायचा. दार उघडं असेल तर आतलं अंगण दिसतं. मुस्लिम वाचकांना नमाजासाठी जाता येतं. मदरसे मात्र सर्वांसाठी खुले, तिकीट रोख. बू इनानियात आजही नमाज होतो, त्या वेळी पर्यटकांना थांबवतात.

फोटो काढताना कारागिराला आधी विचारा. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय अजिबात नकोत. पोलीस, सैनिक आणि राजवाड्यावरचे पहारेकरी यांच्यावर कॅमेरा रोखू नका. राजवाड्याच्या पितळी दरवाजांचा फोटो चालतो. सूर्यास्ताला मरिनी थडग्यांच्या टेकडीवरून सगळी मेदिना दिसते. टॅक्सीने जा आणि अंधार दाटायच्या आत उतरा.

११. खरेदी, घाई न करता

पहिल्या दिवशी काहीही विकत घेऊ नका. विल नुवेलमध्ये हस्तकलेचं सरकारी केंद्र आहे, तिथे किमती ठरलेल्या असतात. एक फेरी मारून भाव डोक्यात ठेवा, मग मेदिनात घासाघीस करा. किती टक्के पाडावेत याचं सूत्र नाही. स्वतःला ती वस्तू केवढ्याला परवडते ते आधी ठरवा आणि त्याच्या खालून सुरुवात करा. एकदा तुम्ही सांगितलेल्या किमतीला त्याने होकार दिला की माघार घेणं तिथे वाईट दिसतं.

‘कॅक्टस सिल्क’ म्हणून विकली जाणारी चादर किंवा ओढणी बहुतेकदा व्हिस्कोसची असते. रंग आवडला तर त्या भावात घ्या, रेशमाच्या भावात नको. चामड्याच्या वस्तूवर ओला पांढरा रुमाल घासून पाहा. रंग उतरला तर तो पावसाळ्यात तुमच्या कपड्यांवरही उतरेल. गालिचा घरी पाठवून देतो म्हणतात. शक्यतो जेवढं स्वतः नेता येईल तेवढंच घ्या. निळ्या-पांढऱ्या मातीच्या भांड्यांसाठी ऐन नोकबीची कुंभारवस्ती पाहा.

१२. शाकाहाऱ्यांनी काय खावं

उपाशी राहायची वेळ येत नाही, पण ‘भाजीचं’ म्हणून दिलेल्या पदार्थात मांसाचा रस्सा असू शकतो. सात भाज्यांचा कुसकुस आणि हरीरा सूप यांत तर हमखास. ‘ब्ला ल्हम, ब्ला दजाज’ म्हणा, म्हणजे मांस नको, कोंबडी नको. ‘रस्साही नको’ हे रियादच्या मालकाकडून फ्रेंचमध्ये लिहून घ्या.

निर्धास्त खाता येईल असा सकाळचा बिसारा शोधा. सोललेल्या सुक्या बाकल्याचं पातळ पिठलंच म्हणा, वरून जिरेपूड आणि ऑलिव्ह तेल, सोबत गोल खोब्झ पाव. तरी बिनमांसाचा आहे ना, एवढं विचारून घ्या. तसेच मसूर, पांढरे घेवडे, वांगी-टोमॅटोचा झालूक, मिरची-टोमॅटोची तक्तूका, तव्यावरची म्सेमेन आणि रव्याची हर्शा. जैन जेवण मात्र बाहेर मिळणं कठीण. कांदा-लसूण सगळीकडे. रियादला दोन दिवस आधी कळवलंत तर करून देतात.

पुदिन्याच्या चहात साखर आधीच घातलेली असते. मधुमेह असेल तर मागवतानाच बिनसाखरेचा सांगा. पाणी सीलबंद बाटलीचं. बाहेरची स्वच्छतागृहं कमी. कॅफेतलं वापरा, एक-दोन दिरहम ठेवा आणि टिश्यू खिशात असू द्या.

छोट्या गोष्टी: आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, दोन गोल पिनांचा अडॅप्टर लागतो. औषधाची दुकानं हिरव्या खुणेवरून ओळखा. रात्रपाळीचं दुकान कुठलं, याची यादी बंद दुकानाच्या दारावर लावलेली असते. पोलिसांचा नंबर १९, रुग्णवाहिका आणि अग्निशमन १५. भारताचा दूतावास रबातला आहे. त्याचा नंबर फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा.

१३. निघताना

पहाटेचं विमान किंवा गाडी असेल तर आदल्या संध्याकाळीच रियादला सांगून टॅक्सी आणि हातगाडी ठरवून घ्या. पहाटे मेदिनात माणूस मिळत नाही. उरलेले दिरहम आदल्या दिवशीच शहरात बदला किंवा खर्च करा. परत बदलताना पैसे काढल्याची किंवा बदलल्याची पावती मागू शकतात, म्हणून पहिल्या दिवसापासूनच्या पावत्या पासपोर्टच्या कव्हरात ठेवा. टॅक्सीच्या भाड्याएवढी नाणी मात्र शेवटपर्यंत राखून ठेवा.